केसाळ पावलं

कुठे कुठे म्हणतात, भिंतींना कान असतात.
आमच्या गुआरानीत भिंती बिचाऱ्या बहिऱ्याच,
तिथे माणसांच्या पायांना केस असतात.
पिरागुवे. केसाळ पावलांचा.
तो येतो तेव्हा वाळलं पानसुद्धा वाजत नाही.

लहानपणी मी खरंच सगळ्यांचे पाय बघायचे:
पाद्र्याचे, बस-कंडक्टरचे,
चौकात तेरेरेसाठी पाला ठेचून देणाऱ्या बाईचे.
सगळे धुळीचे, भेगाळलेले.
एकाच्याही तळव्याला केस नव्हते.

रणगाडे मी आयुष्यात दोनदा पाहिले,
दोन्ही वेळा संचलनात, फुलं लावलेले.
बाकीचे दिवस साधेच असायचे.
दर नव्वद दिवसांनी आणीबाणी वाढायची
आणि आम्हाला ते
दुधाचा भाव वाढावा तसं कळायचं.

एलिहियो माझा धाकटा. छापखान्यात जुळारी.
बोटं कायम काळी, उलटी अक्षरं सुलट वाचायचा.
मार्चमध्ये एका मंगळवारी लाल गाडी आली.
त्याला एकच बूट घालू दिला.
त्यांच्यातल्या एकानं टेबलावरची माझी लेस
दोन बोटांनी अलगद बाजूला सरकवली,
म्हणाला, छान विणता हो बाई.

मग दर गुरुवारी इताउग्वाहून असुन्सिओनला.
फाटकावर धुतलेले कपडे द्यायचे,
मळलेले परत घ्यायचे.
बसमध्ये मी ते मांडीवर धरून हुंगायची.
घाम. म्हणजे आहे.
रक्त. तरी आहे.
अकराव्या गुरुवारी मीच दिलेला सदरा परत आला.
घडी मोडलेली नव्हती.

राजवट पडायला आणखी तेरा वर्षं लागली.
कागद सापडले तेव्हा मीही रांगेत उभी राहिले,
डोळ्यांचा चष्मा दोनदा पुसला.
फाईल पातळ होती.
टंकलेखन मात्र सुबक, समास सरळ,
एलिहियोनं कौतुक केलं असतं.

*८ तारीख. दिवा साडेअकरापर्यंत.*
*११ तारीख. चौघे आले. एकाच शिंगातून प्यायले.*
*१५ तारीख. हल्ली झोपत नाही. रात्रभर लिहितो.*
आणि खाली, कंसाशिवाय, ठशाशिवाय:
*स्रोत: बहीण, बर्फवाल्यामार्फत.*

दोन फुल्हेन्सियो. खोकला असलेला.
करवतीनं बर्फ कापताना सहज विचारायचा,
आज जास्त लागतोय वाटतं?
आणि मी, दिवसभर कुणाशी न बोललेली,
भावाचं कौतुक कुठे सांडू असं झालेली,
म्हणायची: अहो, पोरं येतात ना त्याची,
शिकलेली पोरं, रात्र रात्र बसतात,
आमचा एलिहियो काय काय लिहीत असतो!
तो एक तुकडा जास्त घालायचा.
पैसे घ्यायचा नाही त्याचे.

मी न्यांदुती विणते. न्यांदुती म्हणजे कोळ्याचं जाळं.
चाळीस वर्षं विणते आहे,
मला तरी कळायला हवं होतं
की कोळी मधोमध बसून राहतो,
कुठे जात नाही, काही ऐकत नाही,
धागाच थरथरून त्याला सांगतो.
धाग्याला माहीतही नसतं
आपण काही सांगितलं म्हणून.

फुल्हेन्सियो तोवर वारला होता.
त्याला किती मिळायचे, की काहीच नाही,
की त्याचाही कुणी मुलगा कुठल्या फाटकामागे होता,
फाईलमध्ये नव्हतं. मी विचारलंही नाही.
त्या रात्री मात्र
मोजे न काढताच झोपले.

आता दुकानात मोठा फ्रीज आहे.
त्याची नात बसते, केसात रंगीत पिना, लाघवी पोर.
काल म्हणाली, आजी, पाहुणे आलेत का घरी?
साधंच विचारलं तिनं.
मी बोटांनी दाखवलं:
अर्धा किलो.