आत राहिला तरी

भुसावळला बारा–एक्केचाळीस.
धुळ्याला एकोणीस–अठ्ठेचाळीस, तेही
शेवटी त्यांनी राखीव पोरी उतरवल्या म्हणून.
चोपड्याचं मी वहीत लिहिलंच नाही.

दिवसभर मी सावद्याच्या वखारीत काटा बघतो,
घडांचं वजन, दांड्याची वजावट, ट्रकचा नंबर.
संध्याकाळी तोच पेन खिशाला लावून मैदानावर येतो
आणि हात सवयीनं तूटच मांडत बसतो:
लोचना कोळी, पास सहा, त्यातले चार परक्या हातात.
तेजल भारंबे, फ्री थ्रो आठ, आत एक,
उरलेले सात अजून हवेत असावेत.

आमच्या कोर्टाला रिंगा दोन.
एक सरळ.
दुसरीला गणपतीत कुणीतरी भोंगा बांधला होता,
तेव्हापासून ती रावेरकडे मान वाकवून बघते.
जाळ्या शाहिस्ता तडवीच्या आजोबांनी वळून दिल्या,
केळीच्या सोपटाच्या दोरीच्या.
वाळल्या की आखडतात, बॉल पोटात धरून बसतात,
मग दोघी जणी खांब हलवतात.
बाहेरगावी जाळी नायलॉनची.
बॉल सुळ्ळकन खाली.
त्याचंच एवढं नवल
की भुसावळला पहिलं बास्केट करून
यामिनी वर बघतच राहिली
आणि समोरची पोर बॉल घेऊन पळालीसुद्धा.

चोपड्याहून येताना क्रूझरमध्ये कुणी बोलेना.
शेव-मुरमुऱ्यांचा पुडा तसाच बांधलेला.
डावीकडे सातपुडा काळा होत चाललेला.
यावल गेलं.
मला वाटलं, कोच लोक अशा वेळी काहीतरी बोलतात.
म्हणालो, बघा पोरींनो, केळी आपण हिरवीच कापतो,
कच्चीच ट्रकात चढते,
दिल्ली येईपर्यंत वाटेतच तिला…

"सर," मागून शाहिस्ता,
"आम्ही काय केळी हाये का?"

आधी ड्रायव्हर हसला.
मग पुडा फुटला.
फैजपूर येईपर्यंत माझी नक्कल चालली होती,
"दांडा वजा करा रे, दांडा!"
मी खरंच असं ओरडतो, मैदानावरही?
ओरडत असेन.

त्यानंतरचे आठ दिवस मी वही घरी ठेवली.
हात रिकामे, कुठं ठेवावेत कळेना.
शेवटी बॉल टिपून परत द्यायचं काम घेतलं.
तेजलचा चेंडू रिंगला लागून येतो
तेव्हा किती गरम असतो, हे मला माहीत नव्हतं.

चौथा सामना आमच्याकडे, जळगावच्या संघाशी.
त्यांच्या सरांनी वाकडी रिंग पाहिली, मग मला पाहिलं.
दुरुस्तीला टाकलीय, म्हणालो.
दुसऱ्या डावात तीच रिंग आमच्या वाट्याला,
आणि आमच्या पोरींना तिची खोड पाठ,
डाव्या खांद्यावरून फळीला लाव, की पडतोच.
अठ्ठावीस–तेहतीस.
शिट्टीला तीन सेकंद असताना यामिनीनं मारला.

आत गेला.
खाली आलाच नाही.

जाळीनं धरून ठेवला होता.
त्यांचे सर म्हणाले, पडला नाही, बास्केट नाही.
आमच्या पोरी माझ्याकडे बघायला लागल्या,
मला नियम येत नव्हता.
पंच पाचोऱ्याचे, वयस्कर.
बॅगेतून पुस्तक काढलं, चष्मा पुसला, पान शोधलं,
आणि आधी मनात, मग मोठ्यानं वाचलं:
वरून आत जाऊन जाळीत राहिला
तरी तो झाला.

तीस–तेहतीस.
हरलोच.
पण लोचनाच्या आईनं बांधावरून शिट्टी मारली,
दोन बोटं तोंडात घालून. तिला येते हे लोचनालाही नवीन.

खांब हलवायला त्यांची ती उंच सेंटरही आली.
तिघींनी हलवला, तरी बॉल हलेना.
मी तिथंच उकिडवा बसलो, तेजलकडून कागद मागून घेतला,
आणि आधी मागची बाकी लिहिली:
चोपडा, नऊ–बावन्न.