केसांपुरता

माझ्या वाट्याला केस येतात.
किमोनोवरची पानं, छत्रीच्या काड्या,
पुलाचं लाकूड, हे मात्सु आणि बाकीची पोरं कोरतात.
कपाळ संपतं नि केस सुरू होतात
ती बोटभर जागा तेवढी माझी.
दिव्यापुढे पाण्याचा काचगोळा टांगलेला,
उजेड एका ठिपक्यात ओतणारा.
चेरीच्या फळीत, एका नखाच्या रुंदीत वीस केस.
तेवढा वेळ श्वास घ्यायचा नाही.

कोपऱ्यात नाव चित्रकाराचं, खाली शिक्का दुकानाचा.
सोबाच्या एका वाडग्याला मिळणारं चित्र,
त्यावर किती जणांना बसवणार?

गेल्या थंडीत जिन्बेई आला
खडावांचं बर्फ न झटकता.
"किनुसाबुरो जातो आता. वैद्यानं हात टेकले.
मरणचित्र उद्या दुकानात हवं,
तावारायाच्या आधी."

किनुसाबुरो. बायकांची कामं करणारा,
ज्याला बघून एडोच्या बायका
चालायला शिकायच्या म्हणे.
मी नाही बघितला. नाटक दिवसा असतं,
आणि दिवसा मी कुणाच्या तरी कपाळावर असतो.
पण त्याचे केस मी अकरा वेळा कोरलेत.

हा बारावा. फिका निळा पोशाख, हातात जपमाळ, कमळं.
पहाटे मात्सु पेंगला, पटाशी घसरली,
एक पाकळी गेली.
तशीच छापली. दुपारपर्यंत गठ्ठा संपला.

आणि तो मेलाच नाही.

नवव्या दिवशी दुकानात
एक किडकिडीत माणूस, डोक्याला जांभळं फडकं.
नाणी मोजून ठेवली.
"माझं मरण एक द्या."
जिन्बेई कागदापेक्षा पांढरा.

त्यानं चित्र उजेडाला धरलं.
"नाक लांब झालंय. कमळ तुटकं, चालेल.
पण हे..."
आणि फडकं सोडलं.
तीस वर्षांच्या टोपांनी खाल्लेलं डोकं,
पालथ्या वाडग्यासारखं.
"हे कुणाचे?"

जिन्बेईनं माझ्याकडे बोट केलं.
आयुष्यात पहिल्यांदा.
मी उठलो, मांडीवरचा भुसा सांडला,
बोलायला काही सुचेना.
त्यानं करंगळी केसांवरून फिरवली, हलकेच,
विस्कटतील म्हणून की काय.
"पुढच्या वेळी थोडे पांढरे घाला," म्हणाला,
आणि पावसाळी छत्री उघडून गेला.

फळी महाग. रंधा मारून तिच्यावर आता
ईलमासा भाजणारा कोरलाय,
धुरात डोळे मिचकावणारा, मुंडासं बांधलेला.
मला त्यात काम नाही.

म्हणून रात्री, एका तुकड्यावर
पांढरा केस करून बघतो.
काळ्याच्या दोन्ही बाजू सोलून काळा उभा करायचा,
ते हाताला येतं.
पांढरा म्हणजे नुसतं काढून टाकणं,
कागद राहील तेवढाच.
अजून जाडच निघतो.