घड्याळं मागे घेतली त्या रविवारी

रात्री दोनला कुणीतरी एक तास परत दिला.
मी झोपेत होते. मोबाइलनं तो मुकाट्यानं घेतला,
ओव्हनचं घड्याळ मात्र उन्हाळ्यातच राहिलं.
टेमिटायोनं तीनचार बटणं दाबून पाहिली,
ओव्हन नुसताच तापला.
मग त्याच आचेवर तिनं काल रात्री आठनंतर मिळालेला
पिवळ्या चिठ्ठीचा पाव शेकला, चाळीस पेन्सचा.
पाव तिचा, लोणी माझं,
हिशेब फ्रिजच्या दारावर, सुकत आलेल्या मार्करनं.

दहाची बस. 'कुठे, लव्ह?' ड्रायव्हरनं विचारलं.
पहिल्या महिन्यात हा शब्द ऐकून
मी खिडकीपाशी जाऊन चक्क लाजले होते.
आता माहीत झालंय, मागच्या आजोबांनाही तो हेच म्हणतो
आणि त्यांच्या कुत्र्यालाही.
हल संपलं की शेतं,
पोळपाटावर लाटल्यासारखी, कुठे उंचवटा म्हणून नाही,
आणि मग एकदम
जास्त उकळलेल्या चहाच्या रंगाचा समुद्र.

इथला कडा दगडाचा नाही, मातीचा.
वर्षाला सरासरी दीड-दोन मीटर, असं आम्हाला शिकवलंय.
सरासरी हा शब्द मिस्टर ब्लेंकिनना आवडत नाही.
एका रात्रीत रुबार्बचा वाफा गेला, म्हणतात,
आणि नंतर तीन वर्षं ढेकूळसुद्धा नाही.
सरासरीनं काय मला वाफा परत दिला?
कपडे वाळत घालायचा एक खांब त्यांच्याकडे आहे,
दुसरा खाली, वाळूत, तिरका.

मी टेप धरली, टोक त्यांनी दाराच्या चौकटीला दाबलं.
तेवीस मीटर चाळीस.
मागच्या बॅचच्या वहीत पंचवीस दहा आहे.
ते पाठीवर हात बांधून कड्याकडे चालत गेले,
ओठांत मोजत, आणि कडेच्या अलीकडे थांबले.
'एकतीस.
गेल्या वर्षीही एकतीसच.'
मी वही उघडून दाखवणार होते.
ते परत येत होते, सावकाश,
टाच दुसऱ्या पायाच्या चवड्याला जेमतेम ओलांडत.
मी वही मिटली.

मग चिप्स, वर तो लाल मसाला,
ज्याला इथे लोक तिखट म्हणतात.
बसथांब्याच्या आडोशाला, तरी वारा शोधत आलाच.
एक चिप समुद्रपक्ष्यानं बोटांतून नेली,
मागच्या रांगेतल्या मुलानं खोडरबर न्यावं तशी.

'घरी फर्न नाही केलास?' निरोप घेताना त्यांनी विचारलं.
या गावात फोनला फर्न म्हणतात;
आधी मला नेच्याची कुंडी दिसायची.
चारला केला, नेहमीसारखा.
आई भांडी आवरून, दिवा घालवून पडलेली.
'उशीर केलास आज.'
उशीर नाही गं. काल साडेचार तासांचं अंतर होतं,
आजपासून साडेपाच.
'म्हणजे जागची न हलता तू तासभर लांब गेलीस?'
उलट मला एक तास जास्तीचा मिळाला, मी म्हटलं.
'मग काय केलंस त्याचं?'

खरंच, काय केलं?
बसच्या काचेत अंधार, आणि अंधारात मी,
बुटांना कड्याचा चिखल:
कुणाच्या तरी मागच्या अंगणातला
चमचाभर मी शहरात आणत होते.

स्वयंपाकघरात कुणी नव्हतं.
ओव्हनच्या हिरव्या आकड्यांत
घर अजून साडेचारच तासांवर होतं.
दिवा न लावता थोडा वेळ उभी राहिले.

उद्या नऊला ट्यूटोरियल.
तक्त्यात शाईनं लिहिलं, तेवीस चाळीस.
आणि समासात, पेन्सिलीनं,
अगदी बारीक,
एकतीस.