भारनियमनाचे तास

मगदूम सरांना पगार होता ट्रान्सफॉर्मर शिकवायचा.
दुसऱ्या वर्षाला मशिन्स, तिसऱ्याला पॉवर सिस्टिम्स,
विश्रामबागेतली पत्र्याची लॅब, तेलाचा वास,
आणि मी, शिकलगार, लॅब असिस्टंट,
मिरजेच्या सतारवाल्यांच्या घरातला,
तारा जुळवायचं सोडून तारा मोजायला आलेला.

गच्चीवर सागवानी चौकट, बारा फुटांची.
तिच्यावर तांब्याचे चारशे वेढे
मी घातले, एक दुसऱ्यावर न चढवता.
"ऐकायचंय काय, सर?"
"वीज," म्हणाले. "पण आपली नव्हे."

ती पडते विषुववृत्ताच्या पलीकडे,
कुठल्यातरी समुद्रावर, कुणी बघत नसताना.
तिचा कडाका पृथ्वीच्या चुंबकाची वाट धरतो,
वर जातो, हवा सरते तिथवर
आणि जिथे अणूही अखंड राहत नाहीत
त्या प्लाझ्मातून वाकून इकडे उतरतो.
वरचे स्वर आधी पोचतात,
खर्ज मागून, रेंगाळत.
"म्हणजे मींड," मी म्हणालो.
सरांनी वहीत लिहून घेतलं. पेपरात वेगळा शब्द घातला.

पण हेडफोनमध्ये आभाळ कुठलं?
तिथे साखर कारखाना, पिठाच्या गिरण्या,
पन्नास सायकलींचा घुंगाट.
तेव्हा अंधाराची वाट बघायची.
वीज मंडळात सरांचीच पोरं.
चौगुले फोन करायचा :
"सर, आज दोन ते पाच. विश्रामबाग, वानलेसवाडी."
शहर शिव्या देत गच्चीवर अंथरुणं घालायचं
आणि सर मोटारीची बॅटरी छातीशी धरून
जिना चढायचे, नवरदेवासारखे.

अकरा रात्री काही नाही.
कुत्री, डास, तसाच परत सकाळी साडेसातचा तास.
बारावीला, पावणेचारला,
कुणीतरी तार दाबली आणि हळूच ढिली सोडली.
सेकंदसुद्धा नसेल.
सर काही बोलले नाहीत.
टेप चालू आहे का, एवढं मात्र तीनदा विचारलं.

एकोणीस पेपर झाले. एकदा परदेशातून पत्र आलं :
इतक्या खालच्या अक्षांशावर? यंत्र तपासा.
सरांनी मला तपासायला सांगितलं.
मी तपासलं. यंत्र बरोबर होतं.
प्राचार्यांनी गोपनीय अहवालात लिहिलं :
रात्री विनाकारण कॉलेजात आढळतात.

मग वीज राहायला लागली. चोवीस तास.
सरांच्याच पोरांनी फीडर वेगळे केले, सबस्टेशनं उभारली,
सत्काराला सरांना बोलावलं, शाल दिली.
त्या रात्री शाल घेऊनच ते गच्चीवर आले.
हेडफोन लावला, काढला, माझ्याकडे दिला.
घुंगाट. सलग. कुठे फट नाही.
"माझाच अभ्यासक्रम," म्हणाले,
आणि हसले, पण किती खरं ते कळलं नाही.

चौगुले आता मोठा साहेब.
म्हणाला, "सर, दहा मिनिटं फीडर पाडतो, कुणाला कळतंय!"
सर म्हणाले, "मिरजेत गल्लोगल्ली दवाखाने आहेत रे.
कुणाच्या नाकाला नळी असेल."

सर निवृत्त झाले. चौकट भंगारात निघाली होती,
मी टेम्पोत घालून घरी आणली.
कारखान्यात भिंतीला टेकलेली असते,
भोपळ्यांच्या मागे, वेढ्यांसकट.
परवा धाकटा म्हणाला, "अब्बा, लाकूड जुनं आहे, मुरलेलं.
दोन दांड्या निघतील."
सागवान सतारीला चालत नाही, मी म्हणालो.

चालतं.