साक्षीदार क्रमांक दोन

म्हापशाच्या कोर्टाबाहेर तीस वर्षं
लोकांची खरेदीखतं टाइप केली.
आज स्वतःचा कागद:
मी, शेवंती उमाकांत गांवस, वय बहात्तर,
पूर्ण शुद्धीवर, कुणाच्याही दडपणाखाली नसताना...

'कृत्रिम श्वास' लिहिताना बोट अडखळलं.
बांबोळीत उमाकांतची छाती
एकवीस दिवस यंत्र हलवत होतं.
नखं तेवढी त्याची स्वतःची वाढत होती,
ती मी कापत होते.

माझ्या वतीनं बोलणार: भाची, सुलक्षा.
मुलगा नको. तो लिस्बनला,
आणि फोनवरसुद्धा लगेच रडतो.

नोटरीकडे इनास पोदेर आला, पाव वाटून,
सायकल दाराला टेकवून.
सही करता करता थांबला.
"नळीनं जेवण नाका, बरें.
पण उंड्याचा तुकडा चहात बुडवून
जिभेवर ठेवला तर?"

असा रकाना नाही, नोटरी म्हणाले.

मी पेन मागितलं.
समासात, आडवं धरून,
या टाइप केलेल्या आयुष्यात
पहिल्यांदा हातानं लिहिलं:
ठेवावा. चहा गोड असावा.

खाडाखोड नव्हती, तरी नियम म्हणून
तिथं आम्ही तिघांनी सह्या केल्या.
इनासची जरा पिठूळ.