पाच पाव

गिथिओच्या बंदरावर, अर्गिरोच्या बेकरीत
पाच पाव मागायचे तर हात उलटा धरायचा.
तळवा आपल्याकडे, नखं तिच्याकडे.
मी सात वर्षांची होते. सरळ धरला,
पाची बोटं फाकवून, थेट तिच्या नाकासमोर.

रांगेतल्या बायका गप्प झाल्या.
अर्गिरोने हाताचं पीठ एप्रनला पुसलं,
माझ्या बोटांची मूठ वळली
आणि माझी मलाच परत दिली.
"हे कुणाला दाखवतात ठाऊक आहे?
जो गाडी आडवी घालतो त्याला. रेफरीला.
टीव्हीवरच्या मंत्र्याला, तेही दोन्ही हातांनी."

मग पाव भाजून होईपर्यंत गोष्ट.

राजा 'शहरा'त बसायचा तेव्हाची.
शहर एकच होतं, त्याला नाव लागत नसे.
चोर सापडला की गाढवावर उलटा बसवायचे,
लगाम म्हणून हातात शेपटी,
गळ्यात बकरीची घंटा, आणि गावभर धिंड.
गाढव ज्याच्या दारावरून जाईल
त्याने चुलीतली मूठभर राख घ्यायची,
थुंकीत कालवायची, पाची बोटांनी फासायची.
"तोंडाला काळं फासलं, असं आपण नुसतं म्हणतो गं.
ते फासायचे."
मग राजा गेला, गाढवं मेली,
राख संपली.
हात तेवढा राहिला.

"थापा," रांगेतून थ्रासिवुलोस कोळी म्हणाला.
"राखेचा काय संबंध? पाच बोटं, पाच शाप.
माझ्या बापाला पाचही पाठ होते."
पाद्रीबुवांच्या बायकोने छातीवर क्रूस काढला
आणि पाचही ऐकून घेतले.

सगळे गेल्यावर अर्गिरो भट्टीकडे तोंड करून बोलली.
तिच्या आईच्या गावात, वर, दगडी बुरुजांच्या मुलखात,
कालोमिरा नावाची एक मुलगी होती.
देवळातल्या दिव्याचं तेल चोरलं म्हणाले.
गाढव मिळालं नाही, तिला चालवलंच.
अर्गिरोची आई तेव्हा नऊ वर्षांची.
हात पोचेना, म्हणून कुणीतरी उचलून धरली होती.

तेल उंदरांनी प्यायलं होतं. किंवा देवळाच्या राखणदाराने.
ते कळलं गुरुवारी.
कालोमिराने समुद्रावर तोंड धुतलं,
एका सकाळीत स्वच्छ.
पण फासणाऱ्यांच्या तळव्यांवर, रेषारेषांत,
राख बसली ती बसली. लिंबाने जाईना, वाळूने जाईना.
रविवारी बायका हात पदराआड लपवून प्रार्थनेला आल्या
तर दारात कालोमिरा उभी.
येणाऱ्या प्रत्येकीसमोर तिने तळवे धरले,
पांढरे, उघडे, बोटं फाकवून,
आणि एकच शब्द म्हणाली: "ना."

आमच्या भाषेत 'ना' म्हणजे नकार नव्हे.
'ना' म्हणजे घे.

"आई म्हणायची, हे तिथून सुरू झालं."
हजार वर्षांची खोड एका मुलीपासून कशी सुरू होईल,
हे मी विचारलं नाही.
सात वर्षांची होते. पाव तयार झाले होते.
अर्गिरोची आई शेवटपर्यंत
झोपेतसुद्धा मूठ सोडत नसे,
हे तिने न विचारताच सांगितलं.

आता मी गिथिओ-स्पार्टा बस चालवते.
दिवसाकाठी दोघेतिघे तरी काचेवर पंजा मारल्यासारखा
हात दाखवतात.
मी आधी त्यांचा तळवा बघते.
बहुतेक वेळा स्वच्छ असतो.
कधी ऑलिव्हचा डाग, कधी गाडीचं ग्रीस,
एकदा एका मुलीचा, फोन नंबर लिहिलेला.
मग स्टिअरिंगवरचा माझा हात उचलते
आणि स्वतःच्याच डोळ्यांसमोर धरते,
तळवा आपल्याकडे,
पाच पाव मागितल्यासारखा.
मागचा हॉर्न वाजवत राहतो.