फ्यूजची वही

त्यांचा इतिहास कुणी लिहिला नाही.
माझ्या फ्यूजच्या वहीत आहे, तेवढाच.

गुदैबिया, शुक्रवार, हॉल नंबर दोन:
नाचणाऱ्या पाच, ट्यूबलाइट दोन,
प्रेक्षक अकरा, त्यात मी आणि चहावाला मलबारी.
मारिविक दातांच्या दवाखान्यातून थेट आलेली.
बोटांना चिकटपट्टी गुंडाळताना म्हणाली,
"कुया, उजेड जरा कमी कर ना, बूट जुने आहेत."
कुया म्हणजे दादा, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या वर्षी पडदा आला,
हॉटेलच्या लाँड्रीतल्या नऊ चादरी,
एका कोपऱ्यावर खोलीचा नंबर तसाच.
पुढे कधीतरी: एसी बंद, फ्यूज तीन,
घामाने फरशी निसरडी,
तरी कुणी पडलं नाही.
हे मी लाल शाईने लिहिलंय.

सहावा प्रयोग.
रोवेलिनचा व्हिसा बुधवारी संपला,
गुरुवारी विमान.
शुक्रवारी आर्नेल एकटाच मंचावर आला
आणि दोन्ही हातांनी
तिच्या वजनाइतकी हवा उचलली.
मी दिवा तिच्या जागीच धरून ठेवला.
नोंद: स्पॉट एक, चार मिनिटं, रिकामा.

यंदा मोठं सभागृह, छापील तिकिटं,
दिव्यांना कॉम्प्युटर.
मारिविक आता नाचत नाही,
विंगेत चिकटपट्टीचं रीळ घेऊन उभी.
मी चौदाव्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात.
पस्तीस जणी एकदम टाचा उचलतात
तेव्हा चिपळूणचा हा वायरमन
खुर्चीच्या हातावर बटण चाचपतो.